सगळीकडे सात पॉइंट दोन

कडूबामामांना पाण्याची भीती वाटायची आणि त्यांची नोकरी होती स्विमिंग पूलवर. हे मला पहिल्याच दिवशी कळलं, कारण तलावाच्या कडेने चालताना ते कायम भिंतीला चिकटून चालत होते. मी मुलांना पोहायला शिकवायला नवीनच लागले होते. न राहवून मी विचारलं, "मामा, तुम्हाला पोहता येतं का?"

"बिलकुल न्हाई."

"आणि पडलात तर?"

"म्हणूनच पडत न्हाई," मामा म्हणाले आणि भिंतीला हात लावत पुढे गेले.

आमचा तलाव जालन्यात, एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. एक मोठा आणि शेजारी लहान मुलांचा कंबरभर पाण्याचा छोटा. ज्या शहरात नळाला पाणी आलं की माणसं हातातली कामं टाकून हंड्यांकडे पळतात, तिथे पोहायचा तलाव काढणाऱ्या आमच्या शेठच्या हिमतीला मी आजही मानते. पण त्या तलावाचं पाणी पोरांच्या डोळ्यांना, कातडीला, नाकातोंडाला सोसेल असं रोजच्या रोज राखायचं काम कडूबामामांचं. पाणी फिरवायची मोटर, गाळायची यंत्रं, क्लोरीनचे डबे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाणी तपासायचं ते डिजिटल मीटर.

माणूस किडकिडीत. भर वैशाखातही पूर्ण बाह्यांचा सदरा, मनगटापर्यंत बटणं लावलेली. कमरेत किंचित वाकलेले, म्हातारपणामुळे नाही, तर सतत काहीतरी खाली पडलंय का ते बघायच्या सवयीने. पोरं त्यांना तोंडावर 'भित्रेमामा' म्हणायची. एकदा मी एका पोराला दटावलं तर मामाच मध्ये पडले. "म्हणू द्या हो म्याडम. खोटं थोडंच बोलून राह्यलंय लेकरू?"

नावाची गोष्ट त्यांनीच सांगितली होती. पिंपळगाव रेणुकाईचे ते. त्यांच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली. चौथा हा झाला तेव्हा आईने नाव ठेवलं कडूबा. आमच्या भागात असे पुष्कळ कडूबा सापडतील. "कडू वस्तू कोन तोंडात घालतं? मरणानं उचललं तरी थुंकून टाकंल, असा हिशोब व्हता मायचा. माझं नावच भिऊन ठिवल्यालं हाय, म्याडम. मी कुठून शूर व्हणार?"

मीटर दिसायला जाडसर पेनासारखं. वर आकडे उमटायची छोटी काच, खालच्या टोकाला हरभऱ्याएवढा काचेचा फुगा, आणि त्या फुग्यावर टोपण. टोपणात थोडं खारट पाणी कायम ठेवायचं, कारण तो फुगा सुकला की मीटर बिघडतं. हे मीटर मामा चष्म्याच्या घरात ठेवायचे, ते घर रुमालात, आणि रुमाल सदऱ्याच्या आतल्या खिशात. त्यांचा चष्मा मात्र दोरीने गळ्यात लोंबत असायचा, त्याला घर नव्हतं.

रोज सकाळी सहाला त्यांचा विधी सुरू व्हायचा. देवपूजेलाही माणूस इतकं सोवळं पाळत नाही. खोलीतल्या फळीवर दोन बाटल्या होत्या, एकीत पिवळं पाणी, दुसरीत लाल. पिवळ्या बाटलीतल्या पाण्याचा आकडा सात, लालमधल्याचा चार, हे आधीच ठरलेलं. मीटर आधी पिवळ्यात बुडवायचं, सात दाखवतं का बघायचं. मग धुऊन लालमध्ये, चार दाखवतं का बघायचं. दोन्ही बरोबर आले, तरच तलावाचं पाणी. तेही काठावर वाकून घ्यायचं नाही. मामांनी एका लांब वेळूच्या टोकाला प्लॅस्टिकचा मग बांधला होता. भिंतीपाशी उभं राहून तो वेळू लांबवर सोडायचा, हातभर खोल बुडवायचा आणि तिथलं पाणी वर काढायचं. मग त्यात मीटर.

"सात म्हंजे मधोमध," त्यांनी मला शिकवलं होतं. "त्याच्या खाली गेलं की पानी आंबट, वर गेलं की साबणावानी. आपल्याला सात पॉइंट दोन ते सात पॉइंट सहा पायजे. आन एक ध्यानात ठिवा. खरा आकडा आधी चुळबूळ करतो, वर जातो, खाली येतो, मंग बसतो. आल्या आल्या जो गप बसला त्याच्यावर भरोसा ठिवू नका."

"एवढं काय मामा? यंत्र आहे ते."

"यंत्र हाय म्हणूनच. माणूस खोटं बोलला तर तोंडावर दिसतं."

त्यांचं दुसरं एक पालुपद होतं, 'येक डाव बघितलेलं बघितलेलं नसतं.' कुलूप दोनदा ओढून बघणार. मोटरचं बटण दोनदा बघणार. मुलं मोजायचं काम त्यांचं नव्हतं, ते माझं. पण माझी बॅच आत जाताना ते दारात उभे राहून पुटपुटत मोजायचे आणि बाहेर येताना पुन्हा. एकदा आकडा एकाने कमी आला. ते पोर केव्हाच कपडे बदलून वडापाव खात फाटकाबाहेर उभं होतं. ते सापडेपर्यंत मामांचा चेहरा राखेसारखा झाला होता, आणि सापडल्यावर त्यांनी त्याला न रागावता स्वतःच्या पैशाने आणखी एक वडापाव घेऊन दिला.

फाटकाशी एक काळा फळा होता. त्यावर मामा रोज सकाळी पाण्याचा आकडा लिहायचे. ज्या दिवशी पाण्याची खात्री वाटत नसे त्या दिवशी लिहायचे, 'आज भीती वाटते. तलाव बंद.' हे वाचून पालक हसायचे आणि शेठ पेटायचे.

"अरे कडूबा, गिऱ्हाईक पळवतो काय? तांत्रिक कारणामुळं बंद, असं लिही की."

"तांत्रिक न्हाई ना पण शेठ. मीटर बराबर हाय, मोटर बराबर हाय. पान्याचा वास येगळा येऊन राह्यलाय. भीतीच हाय निस्ती."

शेठ कपाळाला हात लावायचे. पण फळा त्यांनी कधी पुसला नाही, कारण त्यांचा स्वतःचा नातू माझ्या बॅचमध्ये होता.

मला, खरं सांगते, तेव्हा मामांची कीव यायची आणि कधी कधी वैतागही. मी कॉलेजात पोहण्याची बक्षिसं मिळवलेली बाई. पाण्याला भिणारा माणूस मला पाण्याबद्दल शिकवणार म्हणजे उंटावरच्या शहाण्याचाच प्रकार वाटायचा. तरी एकदा मात्र मी गप झाले होते. उन्हाळ्यात बोअर आटलं की आम्ही टँकर मागवायचो. मामांचा नियम असा की टँकर फाटकाबाहेर उभा करायचा, त्यातलं मगभर पाणी काढायचं, तपासायचं, मगच आत. त्या दिवशी ड्रायव्हर घाईत होता.

"क्या मामा, रोज का नाटक. पानीच है, तेजाब थोडी है!"

मामांनी मीटर बुडवलं. आकडा चुळबुळला आणि पाच पॉइंट चारवर बसला. त्यांनी तोच मग ड्रायव्हरपुढे धरला. "मंग घे. येक घोट पी."

ड्रायव्हरने मगाकडे बघितलं, मामांकडे बघितलं. मामा फाटकाला चिकटून उभे होते, म्हणजे दरारा वगैरे काही नव्हता. पण ड्रायव्हर केबिनमध्ये चढला आणि टँकर मागे घेऊन गेला. आदल्या दिवशी त्या टँकरमधून काय वाहिलं होतं ते त्यालाच ठाऊक. मामा नंतर बराच वेळ पायरीवर बसून होते. मी पाणी दिलं तर म्हणाले, "मी नसतो आज, तर?"

मी म्हणाले, "तर मी असते." किती सहज म्हणाले होते!

दोन वर्षांनी ती वेळ आली. मामांच्या गावी लग्न होतं. त्यांच्या रंगनाथ नावाच्या जुन्या सोबत्याच्या मुलीचं. दोघं पूर्वी इथल्याच एका रोलिंग मिलमध्ये कामाला होते, एवढंच मला माहीत होतं. इथल्या सात वर्षांत मामांनी सलग चार दिवस रजा कधी घेतली नव्हती. जायच्या आधी त्यांनी मला वहीच्या दोन पानांवर सूचना लिहून दिल्या. पिवळी बाटली, मग लाल बाटली, मग तलाव. टँकर आला तर आधी मगभर पाणी तपासायचं. खाली दोनदा रेघ ओढून, 'एका बाटलीवर भरोसा नाही.' मग रुमालातलं चष्म्याचं घर माझ्या हातात दिलं आणि फाटकापर्यंत जाऊन तीनदा परत आले.

पहिला दिवस मी सगळं लिहिल्याप्रमाणे केलं. संध्याकाळी मीटर ठेवताना माझ्या लक्षात आलं की काचेच्या त्या फुग्याभोवती पांढरं पांढरं साचलंय. खारट पाणी सुकून बसलेलं मीठ होतं ते, साध्या पाण्यात विसळलं असतं तर निघून गेलं असतं. पण मी कोण? देवाच्या समया चिंच लावून लख्ख करणाऱ्या आईची लेक. मला ते बघवेना. मामांच्या वस्तूला जरा बाईमाणसाचा हात लागू दे, अशा प्रेमाने मी जुना टूथब्रश घेतला, भांड्याची पावडर घेतली आणि तो फुगा चांगला घासला. कोरड्या फडक्याने पुसून चकचकीत केला. मामा आले की खूश होतील, असंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिवळ्या बाटलीत मीटरने सात पॉइंट दोन दाखवलं. साताच्या आसपासच आहे की, मी म्हटलं. लाल बाटली तळाला गेली होती, नवीन पुडी पाण्यात विरघळवायला हवी होती, आणि बाहेर मुलं फाटक वाजवत होती. लाल बाटली राहिली. तलावात मीटर बुडवलं, सात पॉइंट दोन. अगदी हवा तसा आकडा, आल्या आल्या, न हलता. मला आनंद झाला. मामांच्या हातात कधी इतकं सरळ वागलं नव्हतं ते.

तिसऱ्या दिवशी पहाटे टँकर आला. मी फाटकाबाहेर उभा केला, मगभर पाणी काढलं, मीटर बुडवलं. सात पॉइंट दोन. "छोट्या तलावात सोडा," मी सांगितलं.

सातच्या बॅचला सव्वीस मुलं होती, सगळी दहाच्या आतली. ती छोट्या तलावात उतरली. हवेत एक तिखट वास होता, पण क्लोरीनचा वास तलावावर असतोच. दहा मिनिटांनी सिद्धी नावाची एक मुलगी काठाला आली. "मॅडम, डोळे चुरचुरतायत."

"चष्मा नीट लाव," मी म्हणाले.

मग दुसरा एकजण खोकायला लागला. त्याला मी म्हणाले, नाकात पाणी गेलं असेल.

तेवढ्यात फोन वाजला. मामांचा. दिवसातून तीनदा त्यांचा फोन यायचाच. मागे सनई, बायकांची हळदीची गाणी, कुणीतरी मोठ्याने हसत होतं.

"म्याडम, बराबर हाय ना समदं?"

"एकदम बराबर, मामा. तुमचं मीटर तर शहाणं झालंय. काल सात पॉइंट दोन, आज सात पॉइंट दोन, टँकरचं पाणीसुद्धा सात पॉइंट दोन."

पलीकडची सनई लांब गेली, मामा मांडवाबाहेर आले असावेत.

"मामा?"

"टँकरबी सात पॉइंट दोन?" त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. "हलला व्हता का आकडा?"

"नाही. लगेच बसला."

"लाल बाटलीत किती आला?"

मी खिशातलं मीटर बाहेर काढलं.

"म्याडम, लिंबू हाय का तिथं? कॅन्टीनमंदी असंल. जल्दी करा. वाटीत पिळा आन मीटर बुडवा. फोन ठिवू नका."

कॅन्टीन दहा पावलांवर होतं. मी लिंबू कापलं, वाटीत पिळलं, मीटर बुडवलं. लिंबाच्या रसाचा आकडा दोन-अडीचच्या वर जात नाही, हे मामांनीच कधीतरी सांगितलं होतं.

काचेवर सात पॉइंट दोन आलं. न हलता.

त्या क्षणी माझं काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. लिंबाला पाणी म्हणणारं मीटर दोन दिवस माझ्या हातात होतं आणि त्याच्या भरवशावर मी सव्वीस लेकरं त्या पाण्यात सोडली होती. फोनमधून मामा ओरडत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना ओरडताना ऐकलं.

"पोरं भाईर काढा! सगळी भाईर काढा आन मोजा!"

मी शिटी फुंकली. किती वेळ फुंकत होते कोण जाणे. मुलांना गंमत वाटली, काहीजण आणखी बुडी मारून लपले. मी कपड्यांसकट उतरून एकेकाला दंडाला धरून वर काढलं. पाणी माझ्या डोळ्यांत गेलं आणि मग मला कळलं की सिद्धी काय म्हणत होती. मोजली, पंचवीस. पुन्हा मोजली, पंचवीस. शेवटी शेठचा नातू माझ्याच पाठीमागे माझा ओला कुर्ता धरून उभा सापडला. सव्वीस.

पिण्याच्या पाण्याचे जार उघडून आम्ही एकेकाचे डोळे धूत बसलो. कॅन्टीनवाल्या बाई, मी, पोरांना घ्यायला आलेले पालक. डॉक्टर आले. सगळ्या मुलांचे डोळे लाल होते, सिद्धीचे तर सुजून मिटले होते. ती रडत नव्हती, नुसतं माझं बोट धरून विचारत होती, "मॅडम, मला परत दिसणार ना?" मला 'हो' म्हणायची हिंमत झाली नाही. माझ्याकडे तसं म्हणायला काहीच आधार नव्हता.

दोन तासांनी मामा आले. कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून, पिंपळगावहून थेट. अंगावर लग्नाचा नवा सदरा, कानाला आणि गालाला हळद. त्यांनी मला काहीच विचारलं नाही. खिशातून पिवळ्या कागदाची पट्टी काढली. मीटर नसेल तेव्हासाठी ते पट्ट्या ठेवायचे, आणि त्या नेमक्या मला द्यायच्या राहिल्या होत्या. वेळूने पाणी काढून पट्टी बुडवली. पट्टी लाल झाली. मग त्यांनी मीटर उन्हात धरलं, काचेचा फुगा डोळ्यांजवळ नेला आणि मला दाखवला. केसाहून बारीक एक चीर होती त्याच्यावर.

"ही चीर पडली की मेलं मीटर," ते म्हणाले. "पन मेल्यालं मीटर गप ऱ्हात न्हाई. सात-सव्वासात सांगत ऱ्हातं. कशातबी बुडवा, समदं चांगलंच हाय म्हणतं."

"मी घासलं, मामा. ब्रशने." मला रडू आवरेना. "तुम्ही लिहून दिलं होतं, मी लाल बाटली सोडली."

मला वाटलं, आता बोलतील. बोलावं असंच मला वाटत होतं. पण ते माझ्याशेजारी पायरीवर बसले आणि बाहीची बटणं काढायला लागले. इतक्या दिवसांत मी त्यांचा उघडा हात बघितला नव्हता. कोपरापर्यंत कातडी पांढरी, सुरकुतलेली, जागोजागी ओढलेली होती.

"रंगनाथला दिसत न्हाई, ठाव हाय ना तुम्हाला?"

मला ठाऊक नव्हतं.

मिलमध्ये लोखंड थंड करायच्या पाण्याची रोजची तपासणी मामांकडे होती. एके दिवशी पाळी बदलायची घाई होती आणि भोकरदनकडची गाडी चुकली असती. आदल्या दिवशीचा आकडा सात पॉइंट चार होता. मामांनी तोच वहीत पुन्हा लिहिला. त्या दिवशी कुठून तरी तेजाब, म्हणजे ॲसिड, पाण्याच्या हौदात उतरलं होतं. घामाघूम झालेल्या रंगनाथने वही बघितली आणि तोंड धुवायला ओंजळ भरली. त्याला ओढताना मामांचे हात भाजले.

"तुम्ही बघितलं आन चुकलं," मामा म्हणाले. "म्या बघितलंच नव्हतं. म्या लिव्हलं."

मी विचारलं, "आणि ते तुमच्याशी बोलतात?"

"माझ्या भरोशावर पोरीचं लगीन करून राह्यलाय तो. पोरगी कशी दिसती, नवरदेव कसा हाय, पंगतीत काय वाढलं, समदं मीच सांगायचं त्याला. त्याच्या बाजूला उभा ऱ्हाऊन." ते उठले. "मुहूर्त सांजचा हाय. जाऊ का मी?"

हा माणूस मला विचारत होता! मी म्हणाले, "जा मामा, लवकर जा." पण ते लगेच गेले नाहीत. आधी मुलं झोपवली होती त्या खोलीत गेले. डॉक्टरांनी सिद्धीच्या डोळ्यांवरची पट्टी नुकतीच काढली होती. मामा दारातच उभे राहिले, आत यायचं धाडस होईना. भिंतीला धरून विचारलं, "लेकरा, माझ्या गालाला काय लागलंय?"

सिद्धीने डोळे किलकिले केले. "हळद," ती म्हणाली.

मामा दाराला टेकून लहान मुलासारखे रडले. मग त्याच मोटारसायकलवर बसून निघून गेले. मुहूर्ताला पोचले, असं रात्री त्यांनी फोन करून सांगितलं, आणि लगेच विचारलं, "पोरीला ताप न्हाई ना?" त्या फोनपासून ते मला म्याडम म्हणायचे थांबले, ताई म्हणायला लागले.

सगळी मुलं आठवड्याभरात ठीक झाली. काही पालकांनी मुलं काढून घेतली आणि त्यांचं काही चुकलं नाही. मी नोकरी सोडायला निघाले होते. मामांनी शेठला सांगितलं, "आता तिला भीती बसली हाय. आशी बाई तुम्हाला पैसे देऊन मिळायची न्हाई." दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, हे लोक चेष्टेने म्हणतात. मामांना मात्र पाण्यापाशी फुंकून पिणारीच माणसं हवी होती.

भीती बसली ती बसलीच. आजही सकाळी सहाला पिवळी बाटली, लाल बाटली, आणि त्यानंतर लिंबू. लिंबाची गरज नसते, दोन बाटल्या पुरतात. पण मी पर्समध्ये लिंबू ठेवते, नवरा हसतो. काही रात्री मला अजून स्वप्नात पंचवीसच मुलं मोजून होतात.

मामांनी मागच्या वर्षी काम सोडलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशनला ते तयार नव्हते, भीती वाटते म्हणाले, आणि या एका भीतीपुढे कुणाचं काही चाललं नाही. ते गावी गेले. म्हणतात की तिथे ते आणि रंगनाथ रोज संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर बसतात आणि आता कुणी कुणाला काय सांगायचं यावरून भांडतात.

या उन्हाळ्यात ते एकदा आले होते. मामी हात धरून आणत होत्या. पिशवीत घरच्या झाडाची लिंबं होती. सकाळचे साडेसहा झालेले, बॅच फाटकाशी उभी होती. मामा भिंतीला हात लावत बरोबर आपल्या जुन्या जागी जाऊन थांबले, काठापासून दोन हात लांब.

"तपासा," म्हणाले. "म्या ऐकतो."

मी नवं मीटर काढलं. पिवळ्यात बुडवलं आणि मोठ्याने आकडा सांगितला. लालमध्ये बुडवलं, सांगितला. वेळूने पाणी काढलं.

"हलला का?"

"हलला मामा. सात पॉइंट पाच, तीन, आता चारवर बसला."

"भीती वाटली का?"

"वाटली."

"मंग सोडा लेकरांना."

मुलं ओरडत पाण्यात उतरली. शिंतोडे उडाले तसे मामा दचकून एक पाऊल मागे सरले आणि मामी हसल्या. मामींना वाटलं होतं, पाच मिनिटं थांबून निघू. पण तासभर मामा तिथून हलले नाहीत. बॅच सुटली तेव्हा मुलं त्यांच्या शेजारून ओल्या पायांनी पळत गेली आणि मामांचे ओठ हलत होते. दिसत नव्हतं, म्हणून ते पावलं ऐकून मोजत होते.

"सव्वीसच ना, ताई?"

"सव्वीस, मामा."

ते मान हलवून फाटकाकडे वळले. मामींनी हात धरला. दोन पावलं गेले, थांबले, आणि माझ्याकडे न वळताच म्हणाले, "परत मोजा."

मी परत मोजली.